हळू चालणारा माऊस

पप्पांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्यासाठीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ठेवायला फोटो हवा होता. अंत्यविधीला ठेवलेला आईला पसंत नव्हता. त्यात ते पासपोर्ट काढायला निघाल्यासारखे दिसत होते. चांगले फोटो त्यांच्या लॅपटॉपवर होते. मिस्सा आजच संध्याकाळची, आणि बाजारातला स्टुडिओवाला दुपारी शटर ओढून झोपला की चार वाजल्याशिवाय उठत नाही. म्हणजे जे करायचं ते जेवणाआधी.

मी पणजीला एका ऑफिसात दिवसभर लोकांचे संगणकच दुरुस्त करते. पप्पांच्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्सही मीच घालून दिलं होतं. ते हार्टने गेले तेव्हापासून मला काहीच वाटत नव्हतं. लोक गळ्यात पडून रडत आणि मी त्यांना चहा घेणार का विचारी. बिघडलेला माऊस समोर आला तेव्हा उलट बरं वाटलं. हे निदान मला जमण्यासारखं होतं.

टचपॅड ठार बंद. माऊस फिरवला तर पडद्यावरचा बाण मुंगीच्या पावलांनी. सेल बदलला. माऊसखालचा आईचा क्रोशाचा रुमाल काढून वही ठेवली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. खाऱ्या हवेला शिव्या घातल्या. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला संशय तिच्यावरच. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून विचारलं तर माऊसही हजर, टचपॅडही हजर, दोघांची तब्येत ठणठणीत.

मग सेटिंग्ज उघडल्या. टचपॅड मुद्दाम बंद केलेला होता. बाणाचा वेग अगदी खाली. डबल क्लिकला जास्तीत जास्त सवड. ऑफिसातल्या एका वयस्कर साहेबांचा हात थरथरतो, त्यांना मी नेमकं असंच लावून दिलंय. बिघाड नव्हताच. पप्पांनी हे स्वतःचं स्वतः लावून घेतलं होतं आणि मला फोनवर कधी एका शब्दाने बोलले नव्हते.

मी वेग वाढवला आणि फोटो उघडले. अलीकडच्या सगळ्या फोटोंत त्यांचा उजवा हात खिशात, नाहीतर आईच्या हातात. आई मागे येऊन उभी राहिली. चर्चच्या सणाच्या, फेस्ताच्या दिवशीच्या फोटोवर तिने बोट ठेवलं. त्यात तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"ह्यो दी. पण तोंडच तेवढा घे. हात नको."

"तुका म्हायत होता?"

"तेंका वाटायचा, माका काय कळणा नाय. मगे मी पण गप रवलंय."

मी फोटो कापून स्टुडिओवाल्याला पाठवला. पोचला म्हणून त्याचा निरोपही आला. आई तिथेच होती. तिने माऊसला हात लावला तर बाण टुणकन कोपऱ्यात गेला.

"इतको धावता कित्याक? होतो तसो कर गो."

मी वेग पुन्हा अगदी खाली आणला. आई पप्पांच्या खुर्चीत बसली आणि आपल्या धडधाकट हाताने तो बाण त्यांच्या फोटोवरून हळूहळू फिरवत राहिली. तेव्हा मला रडू आलं.