माझ्या वाट्याचं 'पिक अप'

सरांनी माझ्याकडं पाहून हातातला खडू मुद्दाम खाली टाकला. म्हणाले, "पिक इट अप."

मी उचलला. त्यांनी परत टाकला. "आता पक्कं डोक्यात बसेल." तिसऱ्यांदा वाकली तवा सारा वर्ग हसला. अन् मी बी हसली. त्या माझ्या हसण्याची मले अजून किळस येते.

वणीतला इंग्रजी बोलायचा क्लास. त्या दिवशी 'पिक अप' शिकवून राह्यले होते. एकाच शब्दाचे किती अर्थ, अन् सर प्रत्येकाले त्याच्या नावाचं वाक्य देत. डॉक्टरांची मुलगी इंग्रजी पटकन पिक अप करते. कापड दुकानदाराच्या पोराले वडील कारनं पिक अप करतात. कोणाचा धंदा पिक अप झाला. नागपूरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनसाठी माझी मुलाखत ठरली होती. तिथं फोनच उचलायचा होता मले. ते वाक्य मी वहीत लिहून तयार बसली होती. वाट्याले आला खडू.

मग चहा झाला. सर म्हणाले, "आता कप पण पिक अप कर. तुझी आई रस्ता झाडते ना, तुमच्या हाताला सवय असते."

आवाजात राग नव्हता. मोठ्या मायेनं बोलले. अन् सगळ्यायचे उष्टे कप मी मोरीत नेऊन ठेवले. कायले ठेवले?

घरी आईले सांगितलं. ती म्हणाली, "मी झाडतो ते नोकरी म्हणून. तू काहून उचलले?"



दुसऱ्या दिवशी उजळणी. खडू पुन्हा माझ्या बाकापाशी पडला. मी बसूनच राह्यली.

"ऐकू नाही आलं?"

मी उभी झाली. "यू थ्रू इट, सर. यू पिक इट अप."

जीभ कुठंच अडखळली नाही. कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." मी वही घेतली अन् खडू ओलांडून निघाली.

क्लास गेला. सोमवारी मुलाखत आहे, मोबाइलवर ऐकून घरीच घोकून राह्यली. आईचं काम विचारलं तर रस्ते झाडते म्हणून सांगणार, मान खाली न घालता. जागा भेटो न भेटो. पण मले वाकवायले कोणी काही खाली टाकलं, तर ते तिथंच पडून राहील.