नाचणीच्या दाण्याएवढी फट

बैलाच्या कासऱ्याची गाठ दातानं सोडताना कुशाबाचा पुढचा दात तुटला, त्याला दोन महिने झाले. दुखत काही नव्हतं. पण शीळ गेली.

धाकटी बहीण भागू दरीपल्याडच्या वाडीत दिलेली. तिकडं मोबाइलला रेंज नाही, अन् वळसा घालून जायचं तर कुशाबाचे गुडघे ऐकत नाहीत. त्याचा आवाज जन्माचा बसका, तिचा खणखणीत. म्हणून चाळीस वर्षं रोज सांजेला हा बांधावरून शीळ घालायचा, अन् पलीकडून ती "ऊऽऽ" करायची. बस्स, एवढंच बोलणं. परवा तिनं बाजारकऱ्याबरोबर निरोप धाडला, "दादा रुसला का?"

म्हणून तो आज ओतूरला, दातांच्या आरती डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा पडला होता.

"बाबा, दात बांधते अन् शेजारची फटही बुजवते. हिरो दिसाल!"

कुशाबा ताडकन उठून बसला. "फट नगं बुजवू, बाय! शीळ तितनंच निगायची."

"मग किती ठेवू? आत्ताच सांगा. हा मसाला लोण्यासारखा असतो, हवा तसा वळतो. निळा लाईट धरला की वीस सेकंदांत दगड."

"लाईट धरायच्या आदी शीळ घालून बगतो की."

"अहो, थुंकी लागली तर धरणारच नाही तो!"

कुशाबानं डोळे मिटले. जिभेला ती जागा आठवेना. "नाचनीचा दाना उबा ऱ्हाईल, येवडी."

"नाचणी गोल असते, बाबा. उभी काय नि आडवी काय?"

"मंग कशीबी ठिव. पन तेवडीच ठिव."

आरती हसली. पातळ थर, लाईट. पुन्हा थर, पुन्हा लाईट. मिटल्या पापण्यांतून उजेड शिरायचा अन् कुशाबाला दिसायची भागू, कानामागं हात धरून दरीकडं तोंड करून उभी. वीस सेकंद संपले की यंत्र टुक करायचं, ती नाहीशी व्हायची.

"शेवटचा थर. बघा आरशात, बरोबर आहे?"

डोळ्यांना काय कळणार? त्यानं मान डोलावली.

सांजेला तो बांधावर गेला. ओठ ओले केले. शीळ निघाली! पण बारीक, जरा चढी. दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

पलीकडून "ऊऽऽ" आलं नाही. मग भागूचाच आवाज आला, "कोन हाय रं तिकडं?"

कुशाबानं पुन्हा शीळ घातली. पुन्हा. मग एकदा लांबवून, लहानपणी तिला गुरांमागून हाकारायचा तशी.

भागूनं पुन्हा विचारलं नाही. कानामागं हात धरून ती दादाची शीळ ऐकत होती.