हिराकाकूंच्या चेहऱ्यावरची मालिका

संध्याकाळी आठच्या मालिकेसाठी हिराकाकू साडी बदलायच्या. घरातली विटकी साडी जाऊन घडीची यायची, केसांवरून तेलाचा हात फिरायचा, कुंकू नव्याने लागायचं, आणि मग काकू आमच्या दारात उभ्या राहायच्या. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता असं नाही. आमच्यापेक्षा मोठा होता. पण मालिका ही काही एकट्याने बघायची गोष्ट नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं, "काकू, शेजारी तर यायचं असतं, त्यासाठी एवढं नटायचं कशाला?" काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमच्याकडं नाय गं पोरी. त्यांच्या बंगल्यावर जायचंय ना! लोकांच्या घरात जायचं तर नीट जायला नको?"

त्या खरोखरच त्या बंगल्यात जात. मालिकेतल्या नवरा-बायकोचं काही खासगी बोलणं सुरू झालं की काकू रिमोट घेऊन आवाज कमी करत. "त्यांचं त्यांना बोलू द्या, आपून कशाला कान लावायचा?" आई वैतागायची, कारण नेमकं तेच तिला ऐकायचं असायचं. मालिकेतल्या माणसांची खरी नावं काकूंनी कधी वापरली नाहीत. धाकटा दीर सदा काळा चष्मा लावायचा, तो गॉगल्या. भांडणं लावणारी चुलती ती सुरी. आणि घरातली म्हातारी, जिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, ती थोरली. थोरली पडद्यावर आली की काकू डोक्यावरून पदर घेत. आमच्या घरात कुणाच्याही मोठेपणासाठी त्यांनी तो घेतल्याचं मला आठवत नाही.

काकू मूळच्या सायखेड्याच्या. लग्नानंतर काकांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे नाशिकला आल्या आणि इंदिरानगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. दोन मुलगे, दोघेही पुण्याला. लेक नाही, याची रुखरुख त्या उघड बोलून दाखवायच्या. भावाच्या मळ्यातली द्राक्षं आली की पहिली पिशवी माझ्या हातात. "लेकीचा वाटा आधी काढायचा असतो," म्हणायच्या. मी फुकटची लेक झाले होते, आणि द्राक्षं गोड असल्याने मी तक्रारही केली नाही.

बाबा गेले आणि पाठोपाठ आईच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. ऑपरेशननंतर नाशिकमध्ये तिच्याजवळ राहणारं कुणी नव्हतं आणि मला तितकी रजा मिळत नव्हती. म्हणून मी तिला माझ्याकडे, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात घेऊन आले. आधी अंगात ताकद येऊ द्या, त्यांना खायला घाला, रोज थोडं चालवा, मग ऑपरेशन करू, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, एवढंच ना, करू की.

पहिल्याच दुपारी मी मोठ्या उत्साहाने टीव्हीवर तिची मालिका लावायला घेतली. नाशिकचे आठ म्हणजे आमच्याकडचे दुपारचे साडेतीन. पडद्यावर गोल गोल फिरून शेवटी अक्षरं उमटली, की हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "माझ्या देशात आहे की," ती म्हणाली आणि उठून खोलीत गेली.

त्यानंतर ती हळूहळू मिटत गेली. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. दिवसभर गाऊनवर खिडकीशी बसायची. फिरायला चल म्हटलं की पावसाकडे बोट दाखवायची, आणि कॉर्कमध्ये पाऊस बोट दाखवायला कायम हजर असतो. एक दिवस शांतपणे म्हणाली, "मला नाशिकला नेऊन सोड. इथे कुणी ओळखीचं नसताना मरायचं नाही मला." मला रडू आलं, रागही आला. मालिका हे काही कारण नव्हतं, हे मलाही समजत होतं. रोज आठ वाजता दार वाजवणारं माणूस तिला हवं होतं, आणि ते कुठल्याच देशात माझ्या हातात नव्हतं.

मी काकूंना फोन करून सगळं सांगितलं. मालिका तिकडे दिसत नाही, हे त्यांना पटवायला बराच वेळ गेला. "मालिका आपली, माणसं आपली, अन् बघायला पासपोर्ट?" मग एकदम ठरल्यासारख्या म्हणाल्या, "पुराच्या पाण्यात पूल बुडाला तर आम्ही काय माहेराला जायचं सोडतो का? लांबून वळसा घालून जातो. उद्या आठला तुझ्या आईला फोनासमोर बसव."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. काकूंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टीव्हीजवळ ठेवला होता. मात्र फोनचं तोंड ठेवलं होतं स्वतःकडे. फोन पालथा कसा ठेवायचा, माणूस आलंय ना त्यात, हा त्यांचा हिशोब. त्यामुळे आम्हाला मालिका दिसेना. दिसत होत्या घडीच्या साडीतल्या, पलंगावर मांडी घालून बसलेल्या काकू, आणि मागे हलणारं कॅलेंडर. टीव्हीचा आवाज तेवढा येत होता.

"काकू, फोन उलटा करा," मी ओरडले. आईने माझा हात धरला. "राहू दे. हिराच्या तोंडावरून मला सगळं कळतंय."

आणि खरंच कळत होतं! काकूंच्या भुवया वर गेल्या की आई म्हणे, "गॉगल्या आला वाटतं." काकूंचे ओठ घट्ट मिटले की सुरी स्वयंपाकघरात शिरली. पदर डोक्यावर गेला की थोरली. जाहिराती लागल्या की काकू फोनकडे वळून झालेल्या भागाचा निवाडा करत. "ताई, सून चुकली, पण तिचं काय चुकलं नाय." आई जोरात मान हलवायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तीनलाच आई खोलीतून बाहेर आली ती साडी नेसून, केस विंचरून. "हिरा एवढी नीटनेटकी बसते, मी गाऊनवर कशी बसू?" त्या दिवशी ती दोन पोळ्या जेवली. पुढच्या आठवड्यात पावसाला न विचारता कोपऱ्यापर्यंत चालून आली.

मी अशी की मला चांगलं चाललेलंही दुरुस्त करायचं असतं. ऑफिसातल्या एकाने मला एक युक्तीचं अ‍ॅप दिलं. आपण भारतातच बसलोय असं मालिका दाखवणाऱ्या कंपनीला वाटायला लावायचं, की मालिका सुरू. चित्र अगदी लख्ख आलं, थोरलीच्या नथीतला मोती न् मोती दिसत होता. आईने अर्धा भाग पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. पण यात हिरा नाही." मी पडदा बंद केला. काकूंना हे कळलं तेव्हा त्या इतक्या लाजल्या, की पुढचा सबंध भाग त्यांनी अर्धा पदर तोंडावर धरून पाहिला आणि आईला काहीच कळेना.

मग मालिकेत थोरली आजारी पडली. दुखणं हृदयाचंच काढलं मेल्यांनी. आईने त्या थोरलीशी स्वतःची गाठ बांधून टाकली. "थोरली उठली की मीही उठेन बघ," असं ती हसत म्हणायची, पण तिचं हसणं मला ऐकवत नव्हतं. ऑपरेशनची तारीख अगदी तोंडावर आली आणि एका सकाळी काकूंचा फोन आला, फक्त माझ्यासाठी.

"पोरी, आई जवळ नाय ना? थोरलीला मारू राह्यलेत ते. आजच्या भागाचं आत्ता दाखवलं, पांढरी चादर अन् काय काय. तुझं ते लख्खवालं यंत्र घरातून काढून टाक आधी."

"अन् तुम्ही काय सांगणार?"

"मी हाय ना. माझ्या डोळ्यांदेखत कशी मरती बघते."

मी अ‍ॅप काढून टाकलं. त्या दुपारी काकू नेहमीसारख्या बसल्या, पण आवाज बंद. "ताई, टीव्हीचा आवाज गेलाय आज. मी तोंडानं सांगते." आणि समोर थोरलीची तिरडी बांधली जात असताना त्या हसत होत्या. "अगं बाई, थोरली उठून बसली! आता बॅग भरू राह्यली. चालली बघा, लेकीकडं चालली राहायला. परदेशात देली ना तिची लेक, तिकडं. लय खुशीत हाय म्हातारी." मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मालिकेत थोरलीला लेकच नव्हती, हे मलासुद्धा माहीत होतं. आई फोनकडे बघत होती. म्हणाली, "बरं झालं हो. लेकीकडे सुखात राहील."

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर आईने विचारलं, "हिराला कळवलंस का?"

त्यानंतर काकूंच्या टीव्हीला आवाज फुटलाच नाही. एकदा थापेची गाडी सुरू झाली म्हटल्यावर थांबवायची कुठे? बंगल्यातल्या भानगडी खऱ्या, पण शेवटी रोज एक बातमी थोरलीची. थोरलीने लेकीच्या घरी बाजरीची भाकरी थापली आणि धुराने घरातली धोक्याची घंटा वाजली. थोरली रोज तळ्यापर्यंत चालून येते. थोरलीने गोऱ्या शेजारणीला लुगडं नेसवलं. हे सगळं काकू डोळे टीव्हीवर ठेवून सांगत आणि समोर भलतंच चाललेलं असे. आई एकेक गोष्ट ऐकून घेई. एकदा तिनेही भाकरी थापली आणि आमची घंटा खरोखरच वाजली.

दीड वर्षाने आई धडधाकट होऊन नाशिकला परतली. मी सोडायला गेले होते. त्या संध्याकाळी काकू आल्या, घडीच्या साडीत. दारातच दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आठ वाजायला आले तशा काकू चुळबुळू लागल्या. "आज राहू द्या ताई, बातम्या बघू. नायतर गप्पाच मारू." आई म्हणाली, "लाव गं." मालिका लागली. बंगल्याचा दिवाणखाना आला आणि मागच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा, चंदनाचा हार घातलेला थोरलीचा फोटो.

काकूंचा हात रिमोटकडे गेला आणि तिथेच राहिला.

"फोटो छान आलाय," आई म्हणाली. "लेकीकडे काढलेला दिसतोय."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "ताई, तुम्हाला ठावं होतं?"

"तुझ्या तोंडावरून मला काय कळत नाही, हिरा? थोरलीच्या दुखण्यात तू एक दिवस हसली नव्हतीस. आणि त्या दिवशी दात काढून हसत होतीस."

"मंग बोल्ल्या का नाय?"

"तू इतकं रेटून खोटं बोलत होतीस. म्हटलं, आता मरून हिला खोटं कशाला पाडायचं?"

मग दोघी हसत सुटल्या आणि हसता हसता रडल्या, आणि मालिकेचा तो भाग कुणीच पाहिला नाही. माझी आई जगली त्यात डॉक्टरांचा हात मोठा, हे मी मान्य करते. पण तिला डॉक्टरांच्या हाती देण्याइतकी जिवंत कुणी ठेवली, हेही मला ठाऊक आहे. मी काकूंच्या पाया पडले, तर त्या संकोचून म्हणाल्या, "मी काय केलं? बसूनच तर होते." मनातलं सगळं मला बोलता आलं नाही. ते आज लिहिते आहे.

यंदा द्राक्षांच्या दिवसांत काकू भावाकडे सायखेड्याला गेल्या होत्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी स्थिर होता.

"हिरा लेकीकडे गेली गं," ती म्हणाली.

क्षणभर मला अर्थ लागला नाही. काकूंना लेक नव्हती. मग लागला.

आता आठ वाजता आई एकटीच मालिका बघते. मला व्हिडिओ कॉल लावून फोन तांब्याला टेकवून ठेवते, तोंड स्वतःकडे करून. इकडे साडेतीनच्या आधी मी कामातून उठते, घरातला ढगळ टीशर्ट बदलते, केस विंचरते, आणि शेजारची खुर्ची मोकळी करून ठेवते. लेकीकडे आलेल्या माणसासमोर गबाळं कसं बसायचं?