मेजरांची हातसायकल

आमचे शेजारी मेजर सीमेवर पाय गमावून आले, तेव्हापासून आवाजाला दचकायचे. कुकरची शिट्टी झाली तरी खाटेखाली शिरायचे, म्हणून काकू डाळ पातेल्यातच शिजवायच्या. पुढं हातानं पॅडल मारायची सायकल मिळाली आणि गडी रोज म्हसवडच्या रस्त्याला! मला हुकूम ठरलेला, "पदवीधर, हवा बघ रं!"

साताऱ्याच्या शर्यतीचा फॉर्म मीच भरला, पण ती बंदुकीच्या बारानं सुटते हे तिथं गेल्यावर कळलं. मी घाबरून, झेंडा दाखवा म्हणून सांगायला निघालो.

"थांब. बार हू दे," मेजर म्हणाले.

बार झाला. सगळे सुटले. मेजर डोळे मिटून, हँडल आवळून तिथंच.

"आवं, चला की!" काकू ओरडल्या.

मग ते हात असे फिरले म्हणता! मेजर शेवटचे आले, पण शर्यत त्यांनी पुरी केली.