एका नंबरावरची तीन मशीनं

संघपालनं शनिवारी नीट बसवून दिलेलं नेटवर्क करिमानं सोमवारी सकाळी, चहा निवायच्या आत बिघडवलं. तेही सुधारायला म्हणून. तिन्ही कॉम्प्युटरांच्या सेटिंगमध्ये डोकावली, तर प्रत्येकाच्या नेटवर्कमधल्या नंबराचा शेवटचा आकडा वेगळा: एक, दोन, तीन. घर एक, वायर एक, प्रिंटर एक, मग नंबर तीन कशाला? घरातला फोन बघा. एक डबडं पुढच्या खोलीत, दुसरं आत अब्बांच्या उशाशी; नंबर एकच, आणि घंटी दोन्हीकडं बिनतक्रार वाजते. तिनं तिन्हींच्या शेवटी एक टाकला आणि मशीनं बंद करून चालू केली. पहिलं सोडून बाकीच्या दोघांनी इंग्रजीत तक्रार नोंदवून अंग काढून घेतलं. प्रिंटरला ओळखच दाखवेनात.

हे नव्याण्णव सालचं. करिमा इंदापूरची, दोन वर्षं एस्टीनं बारामतीला जाऊन कॉम्प्युटर शिकलेली. स्वभाव असा, की दुसऱ्यानं भाजीत मीठ घातलेलं असलं तरी ही वरून चिमूटभर टाकणारच. तिचे अब्बा, इकबालभाई, ताडपत्र्या विकायचे. माल ठेवायची पुढची खोली त्यांनी क्लाससाठी मोकळी करून दिली होती, पण बोलीवर: मुली मिळाल्या नाहीत तर ताडपत्र्या परत खोलीत. बावडा गावची माणसं आपल्या पोरींना बारामतीपर्यंत पाठवायला तयार नव्हती, इंदापूरला पाठवतील असं वाटत होतं. तीच माणसं आज दुपारी क्लास बघायला येणार होती.

करिमानं बारामतीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, संघपालच्या मालकाला फोन लावला.

"सर्जेराव, तुमच्या माणसानं काम अर्धवट टाकलंय. दुपारी लोक यायचेत, आन् मशीनं एकमेकांशी बोलंनात."

"संघपालनं? बघतोच त्याच्याकडं. लक्षच न्हाय कामात."

"ते तुमी बघा, पण आधी..."

तेवढ्यात आत अब्बांनी रिसीव्हर उचलला. "कोण? सोलापूरचा ट्रक निघाला का?"

"अब्बा, मी बोलतीय."

"इकबालभाई, मी सर्जेराव..."

"ट्रकचं बोला हो आधी."

तिघं एकदम बोलले आणि कुणालाच काही कळलं नाही. करिमानं फोन ठेवला, पण हात तिथंच राहिला. घंटी दोन्हीकडं वाजते खरी. बोलायला मात्र एका नंबरावर एकानंच बसायचं असतं.

ती मशीनांकडं पळाली. एक, दोन, तीन, होते तसे आकडे परत घातले. मशीनं आळोखेपिळोखे देत उठत होती, तोवर बावड्याची जीप दारात.

त्यांच्यात रावजी म्हणून पुढारी गृहस्थ होते. "चालू हाय न्हवं?"

"व्हय. बसा ना."

त्यांच्या पुतणीनं तिसऱ्या मशीनवर स्वतःचं नाव टाइप केलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटर गप्पच. मग एकदाचा तो कुरकुरला आणि कागद बाहेर आला.

"हिकडं लिवलं आन् तिकडं छापलं," रावजी म्हणाले. "पोरी येत्याल."

अब्बांनी ताडपत्र्यांसाठी शेजारचा गाळा बघायला सुरुवात केली. दुकानात येईल त्याला सांगू लागले, "पोरीनं एकटीनं दुरुस्त केलं बघा. त्या कारागिरानं नासवलं होतं."

संध्याकाळी संघपालचा फोन आला. "ताई, मालकांनी मला बाहेरच्या कामावरनं काढलं. खोकी उचलायला गोदामात घातलंय. माझं काय चुकलं होतं?"

"काय न्हाय. झालं चालू."

"कसं?"

"आपोआप."

"मग मालकांना तेवढं सांगाल का?"

"आत्ता सांगते."

तिनं लगेच बारामतीचा नंबर फिरवला. घंटी वाजायच्या आतच लाइनीत खट् झालं. आत अब्बांनी रिसीव्हर कानाला लावला होता.

"कोणाला लावतीयस गं?"

"कुणाला न्हाय, अब्बा. उद्या लावते."

पोरी यायला लागल्या, खोली भरली. क्लासमध्ये शिरल्यावर करिमा अजूनही आधी तीन आकडे तपासते, मग दिवा लावते. बारामतीचा तो फोन मात्र राहिलाय.