लखमाच्या वाट्याची जाळी

चौदा सालच्या जर्मन लढाईत, फ्रान्समधल्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीचं बिलेट, म्हणजे मुक्कामाची जागा, एका शेतघराच्या गोठ्यात पडलं. आघाडी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मी लान्स नाईक होतो. खंदक खणायचे, तारा बांधायच्या, मोडलेले पूल पुन्हा घालायचे, हे आमचं काम. काही दिवस पुढे, काही दिवस मागे, अशी पाळी असे. मागे आलो की उवा मारायच्या, बूट सुकवायचे आणि झोपायचं. जव्हारची मंडळी मला लढाईचं विचारतात तेव्हा त्यांना तोफा ऐकायच्या असतात. मला मात्र आधी तिथला चिखल आठवतो. आमच्या खाचरातल्या चिखलात भात तरी होतो.

कंपनीत जव्हार संस्थानचे आम्ही दोघेच. मी साखरशेतचा महादू, आणि दुसरा खोडाळ्याच्या पाड्यावरचा लखमा. डोंगर उतरून, चढून, इगतपुरीला पोचून आम्ही दोघांनी रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती भरतीसाठीच. लखमा बोलायला लागला की आमचे हवालदार सावंत हसायचे.

"अरे, ही मराठी कुठली रे?"

"आमचेकडची, हवालदारसायेब. तुमची जरा चुकलेली हाय."

कुणाला राग येऊ न देता असं बोलायची त्याला हातोटी होती. मी तेच बोललो असतो तर फटीगवर, शिक्षेच्या कामावर, गेलो असतो.

शेतघराची मालकीण म्हातारी होती. तिचा मुलगा त्यांच्या फौजेत होता. घरात ती आणि तिची लहान नात, दोघीच. लखमा तिचं पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, आणि तिला सरळ आजी म्हणायचा. तीही ओ द्यायची.

एका दुपारी नात तापाने फणफणली होती. चुलीपासल्या खाटेवर तिला निजवलं होतं. आम्ही लाकडं घेऊन आत गेलो तर आजीने जाळात एक लोखंडी अवजार ठेवलेलं. दोन लांब दांड्या, टोकाला दोन जाड पाट्या, चिमट्यासारख्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या. पाट्यांना आतून चौकडी कोरलेली. ते चांगलं तापल्यावर आजीने उचललं आणि ती खाटेच्या बाजूला वळली.

आमच्या डोंगरात लहान पोराचं पोट फुगलं, ताप उतरेना, की विळ्याचं टोक लाल करून पोटावर डाग देतात. लखमाला दुसरं काही सुचलंच नाही. हातातली लाकडं टाकून तो आजी आणि खाटेच्या मध्ये उभा राहिला. सदरा वर केला आणि आपलं पोट दाखवलं. बेंबीच्या वर तीन आणि खाली दोन, जुने, पांढरे पडलेले डाग होते.

"नको आजी. मना दिलेत ना, बघ. काय उपेग नाय व्हत."

आजीने त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग हातातल्या लोखंडाकडे. आणि ती अशी हसायला लागली की तिला खाली बसावं लागलं. तापलेली पोरही हसली. मग आजीने खाटेशेजारच्या स्टुलावरचं पातेलं उघडलं. आत आंबट दुधात कालवलेलं काळसर पीठ होतं, कोंड्यासकट. पाटीला चरबी लावायला निघाली तेव्हा, ती कसली कोण जाणे म्हणून, लखमाने घाईने रेशनचं तूप पुढे केलं. तिने पीठ ओतलं, साचा मिटला, उलटा केला. थोड्या वेळाने त्यातून चौकडीची, खरपूस, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ अशी भाकर निघाली. आमच्या कंपनीचे गोरे साहेब नंतर म्हणाले, याला वॉफल म्हणतात. आम्ही तिला जाळी म्हणायला लागलो. हवालदारांनी परक्या हातचं खायला नकार दिला, आणि वासाने बेजार होऊन दाराशीच घुटमळत राहिले.

"महादू, यात नागली टाकली तं?" लखमा खाता खाता म्हणाला. नाचणीला आमच्याकडे नागली म्हणतात.

"फुटेल."

"नाय फुटत. ताकात भिजवू. जाताना असा एक साचा नेऊ आपण. आयेला दाखवायचाय. ती पण हेच बोलंल बघ, कुणाला डाग देतास म्हणून."

त्यानंतर तो रोज त्या साच्याचंच बोलायचा. मला कंटाळा आला होता. आता वाटतं, आणखी बोलला असता तर बरं झालं असतं.

हिवाळा सरता सरता हल्ला झाला. पहाटे पलटणींनी शत्रूचा पुढचा खंदक घेतला. तो आमच्या खंदकाला जोडायचा होता, भर उजेडात. साहेबांचा टेलिफोन खणाणला तेव्हा मी हवालदारांच्या शेजारीच उभा होतो, आवाज मलाही ऐकू येत होता.

"हवालदार, माणसं?"

"एक सेक्शन आहे, साहेब."

"पाठवा."

लखमा खणणाऱ्यांत पुढे होता. मी मागे वाळूच्या गोण्या देत होतो. पहिले गोळे लांब पडले. मग एक खंदकाच्या तोंडाशीच पडला आणि दोन्ही बाजूंची माती खाली बसली. आम्ही हातांनी उपसत राहिलो. फावडं चालवायची भीती वाटत होती, खाली माणसं होती. काही जिवंत निघाले. शेवटी जो निघाला त्याला तोंड उरलं नव्हतं. गळ्यातला नाव-नंबराचा बिल्लाही नव्हता.

"कोण हा?" हवालदारांनी विचारलं.

"लखमा."

"कशावरून?"

मी त्याचा सदरा वर केला. वर तीन, खाली दोन. हवालदार सावंत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी सदरा स्वतःच्या हाताने नीट खाली केला. आम्ही त्याला इतरांबरोबर तिथेच पुरलं. हा लखमाच, असं मी साहेबांना सांगितलं, हवालदारांनीही सांगितलं. पण बिल्ला नाही, चेहरा नाही, म्हणून त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' लागलं. घरीही तेच कळवलं गेलं.

बिलेटवर परतलो तेव्हा आजीने माझ्यामागे कोण येतंय ते पाहिलं. मग आपल्या पोटावर हात ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. मी नाही अशी मान हलवली. ती आत गेली, साचा घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. साचा मी वळकटीत बांधून पुढे जिथे जिथे पाठवलं तिथे तिथे नेला. नव्या पलटणीतले थट्टा करायचे, सरकारकडे लोखंड कमी पडलं का म्हणून. मी करू दिली.

लढाई संपून सुटलो आणि घरी आलो, तेव्हा शेतातली नागली नुकतीच निघाली होती. खोडाळ्याला जायचं तर लखमाच्या आईपुढे रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं? म्हणून आधी साखरशेतला चुलीवर साचा चढवला. नागलीची जाळी पहिल्या खेपेला फुटली. दुसरी पाट्यांना चिकटून बसली. मग शिकलो. नागली कोंड्यासकट दळायची, चाळायची नाही. पीठ रात्रभर ताकात भिजवायचं. सकाळी मूठभर तांदळाचं पीठ, एक अंडं आणि किसलेला गूळ घालायचा. साचा असा तापवायचा की पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. पाट्यांना खुरासणीचं तेल लावायचं. पीठ ओतून मिटला की वाफ थांबेपर्यंत उघडायचा नाही. उघडायची घाई केली की जाळी फाटते. दोन खाल्ल्या की दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि पोट हलकं राहतं. लखमाचं म्हणणं खरं होतं, मी उगाच वाद घातला.

लखमाची आई खोडाळ्याच्या पाड्यावर एकटीच राहत होती. मी आदल्या संध्याकाळी पोचलो. तिने मला जेवू घातलं आणि लखमाचं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी नवं होतं. आमच्याकडे नवं धान्य आधी वाट्याने मांडतात. जे गेले त्यांचा वाटा सागाच्या पानावर अंगणात ठेवतात. जे बाहेरगावी आहेत त्यांचा घरात, कणगीपाशी. ते झाल्यावर घरच्यांनी खायचं. लखमाचा वाटा तिने दर वर्षी कणगीपाशीच ठेवला होता, आणि तो येऊन खाईपर्यंत आपण नवी नागली खायची नाही असं ठरवून ती जुन्यावर, तांदळावर दिवस काढत होती. हे मला शेजारणीने सांगितलं. मला उंबऱ्यावरच बसून राहावंसं वाटलं.

सकाळी मी तिच्या नव्या नागलीचं, रात्रीच ताकात भिजवून ठेवलेलं पीठ घेतलं आणि साचा जाळात ठेवला. ती पानं पुसत होती. तिचं लक्ष गेलं.

"अरे महादू, हे काय? कुणाला डाग देतास?"

माझे हात थांबले. मग मी तिला सगळं सांगितलं. आजी, नात, सदरा वर करून उभा राहिलेला लखमा. ती हसली. तोंडाला पदर लावून पुष्कळ हसली.

"असाच व्हता तो. मंग?"

"मग लढाई झाली, आये."

"तू पाह्यलास त्याला?"

"पाहिला."

"तोंड पाह्यलंस?"

"नाही. पोट पाहिलं."

तिने जाळातलं लाकूड पुढे सारलं.

"वर तीन, खाली दोन," ती म्हणाली. "मीच धरला व्हता त्याला. रडला नाय तवा."

मी पीठ ओतलं आणि साचा मिटला. वाफ थांबेपर्यंत उघडला नाही. जाळी अख्खी निघाली. ती मी तिच्या हातातल्या पानावर ठेवली. पान घेऊन ती आधी कणगीकडे वळली, सवयीने. तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर जाऊन तिने ते अंगणात, तिच्या नवऱ्याच्या पानाशेजारी ठेवलं. आत आली, चुलीपाशी बसली.

"आता दुसरी टाक," ती म्हणाली. "आपण खाऊ."

लखमाची आई आता नाही. साचा माझ्याकडे आहे, एक दांडी वाकलेली. तो तापला की मला सदरा वर केलेला लखमा दिसतो, कधी हसणारा, कधी मातीतला. कुठला दिसेल हे माझ्या हातात नाही. नवी नागली आली की पहिली जाळी मी अंगणात ठेवतो आणि फौजेत हजेरीला, रोलकॉलला घ्यायचे तसं मोठ्याने त्याचं नाव घेतो. घरातले लोक तेवढा वेळ उभे राहतात. उत्तर येत नाही. मग मी आत येतो आणि दुसरी टाकतो.