वर कोणी जात नाही

कोणी वारल्याची बातमी आली, की फिलोमिना "देवाघरी गेले" असं कधीही म्हणायची नाही. ती म्हणायची, "झोपले." आमच्या बोरिवलीच्या शाळेतल्या राणे सरांची आई गेली, तेव्हा आम्ही सगळे शिक्षक त्यांच्याभोवती जमलो होतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सुटल्या हो, देवाजवळ गेल्या." फिलोमिना शिवणाच्या तासावरून तशीच आली होती, मापाची टेप अजून गळ्यात होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, वर कोणी जात नाही. आई मातीत झोपल्यात. उठतील तेव्हा इथेच उठतील, याच पृथ्वीवर." राणे सरांनी नुकताच आईला अग्नी दिला होता. त्यानंतर ते फिलोमिनाच्या टेबलाशी डबा खायला कधी बसले नाहीत.

मी तिला नंतर चांगलंच झापलं. "अगं, वेळकाळ तरी बघायचीस!"

"बघूनच बोलले ना," ती म्हणाली. "माझ्यावर वेळ आली तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं."

ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. फिलोमिना गोराईची. रोज बोटीने खाडी ओलांडून शाळेत यायची. तिचा नवरा इनास मासेमारी करायचा. त्याआधी काही वर्षं एका वादळात त्याची होडी उलटली. बरोबरचे लोक कसेबसे किनाऱ्याला लागले, इनासचं प्रेतही मिळालं नाही. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. फादर म्हणाले, तो आता स्वर्गात आहे, सुखात आहे. घरच्यांना तेवढा तरी धीर आला. हिला आला नाही.

"स्वर्गात इनास करणार काय गं?" ती मला विचारायची. "अंधेरीला बहिणीकडे राहायची वेळ आली तरी त्याला करमायचं नाही. समुद्राचा वास येत नाही म्हणून झोप लागायची नाही. आणि म्हणे वर सुखात आहे!"

अशात एका लहानशा पंथाच्या दोन बायका तिच्या दारात आल्या. देवाने पृथ्वी माणसाला दिली ती कायमची राहायला, असं त्यांनी तिला बायबल उघडून दाखवलं. देव पृथ्वी मोडणार नाही, नीट करणार आहे; मेलेले तिच्यावरच उठतील आणि पुन्हा मरणार नाहीत. समुद्रही आपल्या पोटातली माणसं परत देईल. फिलोमिनाने ते वाक्य धरून ठेवलं. पुढे थोड्याच ओळींनंतर, नव्या पृथ्वीवर समुद्र उरणार नाही, असंही लिहिलेलं तिला सापडलं. "मग इनास जाळं टाकणार कुठे?" म्हणून ती माझ्यासमोर खळखळून हसली होती. तिला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

तिने चर्च सोडलं. गावाने तिला सोडलं. लग्नाबारशाची बोलावणी थांबली. घरात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. सासू रोज संध्याकाळी इनासच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची. फिलोमिना तिला आंघोळ घालायची, मासळीतले काटे काढून भरवायची, पण त्या मेणबत्तीला हात लावायची नाही.

सासू अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला गोराईला गेले. म्हातारीला बोलताना धाप लागत होती. तिने फिलोमिनाचा हात धरला होता.

"फिलू, माजा पोऱ्या वर हाय ना? मी जाते, तर भेटंल ना मला?"

"आय, इनास झोपलाय. त्याला काही दुखत नाही, कसली भीती नाही. देव त्याला उठवेल, तुलाही उठवेल. इथेच भेटाल."

"ता नको सांगू. वर हाय का नाय?"

मी फिलोमिनाकडे नुसती बघत होते. हो म्हण, एकदा हो म्हण, असं मनातल्या मनात म्हणत होते.

"नाही, आय," ती म्हणाली.

म्हातारीने हात सोडवून घेतला. मग शेवटपर्यंत तिने सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. शेजारीण येऊन पाजायची.

त्या दिवशी फिलोमिना जेट्टीवर सोडायला आली तेव्हा मला राहवलं नाही. "फिलू, एक हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

तिने खाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती उठेल ना, तेव्हा मला विचारील, तू माझ्याशी खोटं का बोललीस? मला तिच्याबरोबर इथेच राहायचंय गं. कायमचं. खोटं बोलून कसं राहणार?"

बोट लागली, तशी मी चढून बसले.

सासू गेली. दफनाच्या वेळी फिलोमिना चर्चच्या कुंपणाबाहेर उभी होती. आत कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. महिनाभरात वेगळ्या राहणाऱ्या दिराने तिला घर सोडायला लावलं. नाहूरला तिच्या पंथातल्या एका कुटुंबाच्या चाळीत तिला खोली मिळाली. शाळा लांब पडू लागली, तरी ती यायची. पण कोणी वारल्याचं कानावर आलं, तरी आता ती काहीच बोलायची नाही.

एका रविवारी मी नाहूरला तिच्याकडे गेले. खोलीत अंधार होता, दिवा लावायचंही तिच्या मनात आलं नव्हतं.

"सभेत मी एक प्रश्न विचारला," ती म्हणाली. "इनास उठल्यावर आम्ही कुठे राहू म्हणून. तर ते म्हणाले, उठलेल्या माणसांत लग्नं नसतात. तसं लिहिलंय. मी वाचलं. खरंच लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो उठेल. इथेच उठेल. पण माझा नवरा म्हणून नाही. मरणाबरोबर ते संपलं." तिने साडीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "मी आयला नाही म्हटलं, ते मग कशासाठी गं?"

"अगं, असं कसं असेल? देव इतका..." मी काहीतरी बोलू लागले.

"तू नको समजूत घालूस," ती म्हणाली. "चहा करते."

त्यानंतर तिने सभेला जाणं सोडलं. चर्चमध्ये परत गेली नाही. पुढच्या वर्षी काविळीने ती गेली. पंथाचे लोक आले नाहीत, गोराईहून कोणी आलं नाही. सरकारी दफनभूमीत राणे सर, शाळेचा शिपाई आणि मी, एवढेच होतो. कोणती प्रार्थना म्हणायची, हे आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही माती टाकली आणि हात झटकत उभे राहिलो.

काही वर्षांनी मी तिथे पुन्हा गेले. जागा लक्षात होती, पण तिथल्या क्रुसावर कुणा दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. राखणदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, मुंबईत जागा कुठे आहे? जुन्या खड्ड्यातच नवीन माणूस ठेवावा लागतो."

"आणि आधीचा?"

"तो काय, खालीच असतो," तो म्हणाला, आणि नळाखाली लावलेली बादली भरली का, ते बघायला गेला.